दोन्ही कानांतले फाये

"हळू वाजणारा बँड आहे का तुमच्याकडं?"

असं गिऱ्हाईक माझ्या दुकानात त्याआधी कधी आलं नव्हतं आणि त्यानंतरही आलेलं नाही. सोळा-सतरा वर्षं झाली असतील. विट्याच्या बाजारपेठेमागे माझं दुकान होतं. वर पाटी, 'शानदार ब्रास बँड, प्रोप्रायटर दस्तगीर मुल्ला'. त्या दुपारी मी ट्रम्पेट पुसत बसलो होतो. विचारणारी बाई बोलण्यावरून शाळेतली बाई वाटत होती, आणि होतीही. तिच्यामागं तिचे वडील, आण्णा निकम. त्यांना मी ओळखत होतो, कारण आण्णांना न ओळखण्याची सोय तालुक्यात कुणालाच नव्हती. आणि दोघांच्या मध्ये नऊएक वर्षांची मुलगी, दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबून. दुकानात तेव्हा एकही वाद्य वाजत नव्हतं.

"ताई, हळूच वाजवायचं तर बँड कशाला? रेडिओ लावा की," मी म्हणालो.

"मी बी तेच म्हंतोय गं शुभे!" आण्णा उसळले. "मास्तर, बँड मोठ्यानंच पायजे. माझ्या घरचं शेवटचं लगीन हाय. निकमानं पोरगी मुक्यानं उजवली म्हंतील लोक."

"मग रेवती करवली होणार नाही," शुभांगीताई शांतपणे म्हणाल्या. "आणि तुम्ही तिला शब्द दिलाय, आण्णा."

आण्णा गप्प झाले. मी पाहिलेलं ते पहिलंच.

प्रकरण असं होतं. पंधरा दिवसांवर आण्णांच्या धाकट्या मुलीचं, वृषालीचं, लग्न होतं. ही रेवती शुभांगीताईंची मुलगी, म्हणजे नवरीची भाची. तिला करवली व्हायचं होतं. करवलीला काम काय, तर हातात करा-दिवा, म्हणजे नारळ ठेवलेला पाण्याचा कलश आणि दिवा, घेऊन मंगलाष्टका संपेपर्यंत नवरीच्या मागं उभं राहायचं. कुठल्याही पोरीला जमावं असं काम. पण दोन वर्षांपूर्वी मामाच्या लग्नात ढोलाचा पहिला ठोका पडला तशी ही किंचाळली होती, आवरायला आलेल्या व्याह्यांच्या हाताला कडाडून चावली होती, आणि मग पंगती उठेपर्यंत तिला पिठाच्या डब्यांशेजारी कोठीच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. त्याबद्दल ती पुढं कुणाला चकार शब्द बोलली नाही. फक्त वहीत लिहून ठेवलं, 'पुढच्या लग्नात करवली : रेवती निकाळजे' आणि खाली आण्णांची सही घेतली.

"डॉक्टर म्हंत्यात पोर स्वमग्न हाय," आण्णा मला समजावून सांगायला लागले. "मी म्हणलं, आमच्या घरात समदेच स्वमग्न हायत. एकाचं दुसऱ्याला ऐकाय येत न्हाई."

"हिला जास्त ऐकू येतं, आण्णा, हाच तर त्रास आहे," शुभांगीताई म्हणाल्या. "मास्तर, आपल्याला जी नुसती शिट्टी, ती तिला टोचते. अंगावरच्या शिवणीसुद्धा टोचतात. आणि मग काय होईल, कधी होईल या धास्तीनंच ती अर्धी होते. लोकांना वाटतं, पोरगी हट्टी आहे."

एवढ्यात ती मुलगी माझ्याकडं निरखून बघत बोलली. बोलणं अगदी पुस्तकातलं.

"तुमच्या कानात दोन फाये आहेत."

आता माझ्या कानातले अत्तराचे फाये म्हणजे माझी ओळखच. पांढरा कोट, लाल पट्टा आणि कानात फाये. दस्तगीर मास्तर शौकीन माणूस, असं लोक म्हणत आणि मी म्हणू देत असे.

"शौक आहे बाळ. हिन्याचं अत्तर."

ती दोन पावलं पुढं आली. नाक वर करून तिनं वास घेतला.

"वास येत नाही. आणि अत्तराचा फाया एकाच कानात ठेवतात. आमच्या गल्लीतले पठाणकाका एकाच कानात ठेवतात."

"रेवती!" शुभांगीताई ओरडल्या. मागं ढोलाच्या दोऱ्या ओढत बसलेला हणमंता खदखदून हसला. मी घाईघाईनं लग्नाची तारीख वहीत लिहून घेतली आणि होकार देऊन टाकला. मास्तरांना पोरीची दया आली, असं आण्णा पुढं जन्मभर सांगत राहिले. खरं म्हणजे त्या घडीला मला ती पोर दुकानाच्या बाहेर हवी होती, बाकी काही नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, की आवाज लांबून सुरू करा आणि रोज थोडा थोडा जवळ आणा. म्हणून रोज दुपारी चार वाजता आम्ही अकरा माणसं आण्णांच्या वस्तीवर जायला लागलो. घरापासून दोनशे पावलांवर चिंच होती, तिच्याखाली पहिल्या दिवशी उभे राहिलो. ऐन लग्नसराईत अकरा बँडवाले उभ्या ज्वारीला गाणी ऐकवतायत, हे बघायला शेजारच्या दोन वस्त्या लोटल्या.

अडचण होती ती हणमंताची. हणमंता म्हणजे आमचा मोठा ढोल. माणूसही ढोलाएवढाच. वाजवायला लागला की डोळे मिटायचा आणि असा ठोका घालायचा की पत्र्यावरची कबुतरं उडून जायची. लोक म्हणत, काय तल्लीन होतो गडी!

"हणमंता, जरा हळू," मी म्हणालो.

"मास्तर, हळू वाजवायला ढोल कशाला? पोतं बडवतो की."

शेवटी आण्णांच्या घरातली एक जाड वाकळ, म्हणजे गोधडी, आणून आम्ही ढोलाला गुंडाळली. ढोल थंडीतापानं आजारी दिसायला लागला. हणमंताला इतकं अपमानास्पद वाटलं की त्यानं दोन दिवस आण्णांकडचा चहा घेतला नाही.

पहिलं गाणं संपलं आणि रेवती कट्ट्यावरून उतरून पावलं मोजत आमच्यापर्यंत आली. तळवे कानांवर, काखेत वही, डोळ्यांत पाणी. पण पळाली नव्हती.

"ढोल सात वेळा न सांगता वाजला," ती म्हणाली.

"ढोल सांगून वाजवत नाहीत, बाळ."

"का?"

मी हणमंताकडं पाहिलं. हणमंतानं माझ्याकडं. तीन पिढ्या आमच्या घरात बँड, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"भटजी सांगतात," ती पुढं म्हणाली. "शुभमंगल सावधान असं म्हणतात आणि मगच अक्षता पडतात. लग्नात तेवढे एक भटजीच बरोबर वागतात."

मग तिनं आम्हाला नियम घालून दिला. ढोल वाजण्याआधी मी डावा हात वर करायचा आणि तीन बोटं एकेक करून मिटायची. तिसरं मिटलं की ठोका. आधी नाही, नंतर नाही. पहिल्या दिवशी माझी पोरं हसली. चौथ्या दिवशी घोटाळा झाला तेव्हा तिनं वहीत बघून सांगितलं, "काल एकशे साठ पावलांवर होता. आज ठरल्याप्रमाणे एकशे चाळीस हवे. हे पिपाणीवाले काका एकशे अडतीसवर उभे आहेत." आणि आमचा क्लॅरिनेटवाला, ज्याला बायको तीस वर्षांत हलवू शकली नव्हती, तो मुकाट्यानं दोन पावलं मागं सरकला.

खरी गंमत त्या घराची झाली. सगळं घर आधी सांगून आवाज करायला लागलं. "कुकर होणार आहे, तीन शिट्ट्या," असा आतून पुकारा व्हायचा. एकदा आण्णा माझ्याशी बोलता बोलता थांबले, हात वर केला, तीन बोटं मिटली आणि मग शिंकले.

"सवय लागली वो," ते ओशाळून म्हणाले. "पर एक सांगतो मास्तर, सांगून शिंकलं की बरं वाटतंय."

एके दिवशी रेवतीनं मला बाजूला घेतलं. हणमंताकडं बोट दाखवून म्हणाली, "ते वाजवताना डोळे मिटतात."

"तल्लीन होतो तो."

"नाही," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्या कानांकडं पाहिलं आणि आणखी काहीतरी लिहिलं. मी पुढचं गाणं लगेच सुरू केलं.

चौदाव्या दिवशी आम्ही अंगणात होतो. वीस पावलं. वाकळही काढली. तिसरं बोट मिटलं, हणमंतानं ठोका घातला, रेवतीचे खांदे वर उडाले आणि खाली आले. हात कानांवर गेले नाहीत, कारण हातांत सरावाचा तांब्या होता. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. शुभांगीताई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. आण्णा मात्र उघड उघड रडले आणि वर माझ्याशीच भांडले, की एवढ्या धुरळ्यात कशाला वाजवताय.

लग्नाच्या दिवशी रेवतीनं हिरवा परकर-पोलका उलटा घातला होता. शिवणी बाहेर, जरीचे काठ आत अस्तराखाली. आण्णा खवळायच्या बेतात होते, पण नवरदेवाच्या आत्यानं विचारलं, "ही सांगलीकडची नवी फॅशन का?" आणि आण्णा म्हणाले, "व्हय, एकदम नवी."

दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. आण्णांच्या वस्तीवरच्या मंडपात पाचशे माणूस. आमचा बँड स्टेजच्या डाव्या अंगाला, दहा पावलांवर. मोजून घेतली होती. वृषालीच्या मागं रेवती, हातात करा, कऱ्यावर नारळ, शेजारी तेवता दिवा. भटजी 'सावधान' म्हणाले की मी तीन बोटं मिटायचो, हणमंता एक ठोका द्यायचा, रेवती मान हलवून तो मोजायची. एक झाली. दोन झाल्या. चार मंगलाष्टका लोण्यासारख्या गेल्या.

पाचवी सुरू होती. तेवढ्यात नवरदेवाच्या दोस्तांना कुणीतरी सांगितलं असावं की झालं लग्न. मंडपाच्या तोंडाशी त्यांनी फटाक्यांची माळ लावली. ती मंडपाच्या पत्र्याखाली अशी काही तडतडली की मीच डोळे गच्च मिटले. मी डोळे उघडले तेव्हा स्टेजवर करा होता, दिवा होता, दोन्ही नीट पाटावर ठेवलेले. करवली नव्हती.

"रेवती!" शुभांगीताई धावल्या.

ती लांब गेलीच नव्हती. ढोलामागं आमची ती वाकळ घडी करून ठेवली होती. ती वाकळ आता उभी होती आणि थरथरत होती. आतून बारीक, एकसुरी आवाज येत होता, दुखणाऱ्या माणसाचा असतो तसा.

माणसं जमली. कुणी म्हणालं, पाणी मारा. कुणी म्हणालं, कांदा हुंगवा. नवरदेवाकडचे कुणी पाहुणे म्हणाले, "अहो, दुसरी कुठलीही पोरगी उभी करा. मुहूर्त चाललाय." भटजींनी घड्याळाकडं पाहिलं. आण्णांचा चेहरा पडला. ते कोरड्या आवाजात म्हणाले, "शुभे, ने तिला. त्या... कोठीच्या खोलीत ने."

वाकळीतला आवाज एकदम थांबला. मी हातातली काठी खाली ठेवली. कारण कोठीची खोली मला ठाऊक होती. निकमांची नव्हे, आमची.

"दोन मिनिटं," मी म्हणालो, टोपी काढली, आणि पाचशे माणसांदेखत चार पायांवर होऊन वाकळीत शिरलो.

आत अंधार, उकाडा आणि ढोलाच्या तेलाचा वास.

"सांगितलं नाही," ती म्हणाली.

"मलाही सांगितलं नाही त्यांनी. माझी छाती बघ, अजून उडतीय."

"तुम्ही बँडमास्तर आहात. तुम्हाला आवाजाची भीती वाटत नाही."

मी दोन्ही कानांतला कापूस काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"वास घे."

"येत नाही. मी सांगितलं होतं."

"तू म्हणालीस ते खरं. हे अत्तर नाही, नुसता कापूस आहे. तुझ्यापेक्षा लहान होतो, तेव्हा घरात अब्बांचा बँड वाजायला लागला की मी कोठीत धान्याच्या कणगीमागं लपायचो. अब्बा ओढून बाहेर काढायचे. म्हणायचे, बँडवाल्याचं पोर आणि आवाजाला भितंय, लोक थुंकतील. मग अम्मानं एक दिवस कानात कापूस घातला, वर अत्तराचा थेंब सोडला आणि म्हणाली, कुणी विचारलं तर शौक आहे म्हणून सांग. चाळीस वर्षं सांगतोय."

तिनं कापूस बोटांनी दाबून पाहिला. बाहेर भटजी खाकरले.

"मग बँडमध्ये का आलात?"

हेही मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलासुद्धा नाही. पण त्या वाकळीत उत्तर आपसूक तोंडाशी आलं.

"अब्बांच्या हातात काठी असायची. ती हलली की आवाज व्हायचा. सगळ्या घरात आवाज कधी येणार हे त्यांनाच फक्त माहीत असायचं. मला वाटलं, ती काठी आपल्या हातात आली, तर टोचलं तरी आधी कळेल."

"कळतं का?"

"कळतं. टोचतं, पण कळतं." मी तिच्या हातावरचा कापूस उचलला. "तुझ्या कानात घालू का?"

"वापरलेला कापूस दुसऱ्याच्या कानात घालू नये," ती म्हणाली. आवाज बराच ताळ्यावर आला होता. "मला काठी द्या."

"तुझ्या हातात करा असणार."

तिनं विचार केला. "मग मी करा वर उचलीन. तेव्हाच वाजवायचं. बाकी कुणी काही वाजवायचं नाही. टाळ्यासुद्धा नाहीत. आणि ती माळ?"

मी वाकळीतून डोकं बाहेर काढलं. बाहेर सगळं गोठल्यासारखं उभं होतं. मंडपाच्या तोंडाशी नवरदेवाचे दोस्त एका खुर्चीभोवती हात जोडून विनवण्या करत होते, आणि खुर्चीवर हणमंता बसला होता. उरलेल्या फटाक्यांची पेटी त्याच्याखाली होती.

"हणमंता माळेवर बसलाय," मी आत सांगितलं.

"मग ठीक आहे," रेवती म्हणाली.

ढोल दुसऱ्यानं धरला. आण्णा स्टेजवर चढले आणि तालुक्याला ठाऊक असलेल्या आपल्या खड्या आवाजात, आधी तीन बोटं मिटून, म्हणाले, "मंडळी, आमच्या करवलीनं करा उचलल्याबिगर टाळी वाजवायची न्हाई. ज्याला जमत न्हाई त्यानं हात खिशात घालावं." नवरदेवाची आत्या शेजारणीला म्हणाली, "यांच्यात अशीच पद्धत असेल." आणि पदराखाली हात लपवून बसली.

पाचवी झाली, सहावी झाली, सातवी झाली. शेवटची झाली. भटजींनी मोठ्यानं 'सावधान' म्हटलं, अंतरपाट दूर झाला आणि काहीच झालं नाही.

पाचशे माणसं हात आवळून एका नऊ वर्षांच्या पोरीकडं बघत होती. ती दिव्याकडं बघत होती. माझे कान उघडे होते. हजारएक लग्नं मी वाजवली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा एक लग्न ऐकलं. अक्षता गादीवर पडताना बारीक आवाज होतो. हार घालताना नवरीच्या बांगड्या थरथरतात. वृषाली हळूच म्हणाली, "रेवू, सावकाश. घाई नाही." नवरदेव म्हणाला, "अजिबात नाही." ते त्या दोघांचं पहिलं एकमत असावं.

मग रेवतीनं माझ्याकडं पाहिलं. मी डावा हात वर केला. एक बोट मिटलं, दुसरं मिटलं, तिसरं मिटलं. तिनं करा उचलला.

पाचशे माणसांची टाळी, दहा माणसांचा बँड, आणि खुर्चीवरून उठायला मिळालं म्हणून मोकाट ओरडणारा हणमंता. कापसाशिवाय तो आवाज माझ्या कानात असा घुसला की डोळ्यांतून पाणी आलं. तिच्याही आलं. पण करा हलला नाही आणि ती हसत होती. त्याआधी मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर आम्ही सामान टेंपोत भरत होतो, तेव्हा ती आली. हातात आजीच्या वातींचा पांढराशुभ्र कापूस होता. त्याचे चार बोळे करून आणले होते. दोन माझ्या हातावर ठेवले.

"हे नवीन आहेत. कुणी विचारलं तर टोचतं म्हणून सांगा. शौक म्हणू नका."

"बरं," मी म्हणालो. "आणि हे दोन कुणाचे?"

तिनं ते हणमंतापुढं धरले. वही उघडून वाचून दाखवलं, "ढोलवाले काका प्रत्येक ठोक्याआधी डोळे मिटतात. चौदा दिवसांत एकदाही उघडे नव्हते. तल्लीन नाहीत. घाबरतात."

मी हसायला तोंड उघडलं आणि हणमंताकडं पाहून मिटलं. तो एवढा मोठा गडी खाली मान घालून टेंपोची साखळी चाचपत होता. मग त्यानं दोन्ही बोळे उचलले, तिच्यासमोरच एकेक करून कानात घातले आणि टेंपोत चढून ढोलाला टेकून बसला.

टेंपो विट्यात शिरला. नाक्यावर टेंपोवाल्यानं कर्णकर्कश्श हॉर्न मारला. मी दचकलो. हणमंता दचकला नाही.

"मास्तर!" कानात कापूस असल्यामुळं तो आख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडला. "बावीस वर्षं ढोल बडवतोय की वो! तुम्ही आधी का न्हाई सांगितलं?"